ओबोवर पहिली आधुनिक चेंबर रचना बसवताना: क्रमवार मार्गदर्शक

तुम्ही काही वर्षं ओबो (तोंडाशी वेळूच्या दुहेरी पत्तीची रीड लावायचं, सनईसारखं वाद्य) वाजवताय, स्टाफ नोटेशन वाचता येतं, मोत्सार्टचं ओबो क्वार्टेट निदान एकदा तरी हाताखालून गेलंय, आणि आता कुणीतरी ब्रिटन, लिगेटी किंवा कार्टर अशा एखाद्या आधुनिक रचनाकाराचं नाव काढलंय. पार्ट (फक्त तुमच्या वाद्याचे स्वर असलेली पानं) उघडून बघता तर स्वरांच्या डोक्यावर बारीक गोल, कुठे मात्रांऐवजी सेकंद, एकाच स्वरावर बोटांच्या चार-पाच निरनिराळ्या खुणा. अशा वेळी बहुतेक जण पार्टातली सगळ्यात भयंकर ओळ शोधतात आणि तीच घोटत बसतात. मी हे संगीत हौसेने वाजवते. शिकले इंग्लंडात, आता पुण्यात असते. माझ्या मते या रचना अवघड असतात म्हणून कमी फसतात, तयारीचा क्रम उलटा लागतो म्हणून जास्त. खालचे टप्पे त्यामुळे दिलेल्या क्रमानेच घ्या. अवघड ओळ पाचव्या टप्प्यानंतर येते, ती तिथेच येऊ द्या.

चेंबर संगीत म्हणजे इथे दोनपासून सात-आठ जणांपर्यंतचा मेळ, शक्यतो कंडक्टरशिवाय, आणि एका पार्टाला एकच वादक. शेजाऱ्याच्या आवाजात लपायची सोय नाही.

१. रचना निवडण्याआधी माणसं मोजा

रचना आवडली म्हणून निवडायची आणि मग वादक शोधत फिरायचं, हे आपल्याकडे परवडत नाही. गोव्यात, मुंबईत, पुण्यात व्हायोलिनवाले भेटतात, चेलोही मिळून जातो. व्हायोला आणि बसूनसाठी फोनाफोनी करावी लागते, फ्रेंच हॉर्नसाठी तर आर्जवंच. आधी हाताशी कोण आहे ते बघा, मग त्या संचासाठी काय लिहिलंय ते.

ओबो, व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो जमत असतील तर तुमचं नशीब चांगलं. मोत्सार्टने १७८१ साली म्युनिकमध्ये फ्रीडरिश राम या ओबोवादकासाठी याच संचात लिहिलं आणि पुढच्यांनी ती वाट सोडली नाही. बेंजामिन ब्रिटनने १९३२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ओबोवादक लिऑन गूसन्ससाठी ‘फँटसी क्वार्टेट’ लिहिलं. ऑलिव्हर नसेनचं ‘कँटाटा’ १९७७ चं. इलियट कार्टरने २००१ मध्ये ओबोवादक हाइन्झ होलिगरसाठी ‘ओबो क्वार्टेट’ लिहिलं तेव्हा कार्टर ब्याण्णव वर्षांचा होता. चौघांतून ज्या सहा जोड्या होतात त्या प्रत्येक जोडीला त्यात स्वतंत्र संवाद दिलाय. कागदावर हे देखणं दिसतं, पण पहिली रचना म्हणून याच्या वाटेला जाऊ नका.

बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न असा विंड क्विंटेट जमला तर ग्यॉर्गी लिगेटीची ‘सिक्स बॅगाटेल्स’. आपल्याच पियानोच्या तुकड्यांवरून त्याने ती १९५३ मध्ये हंगेरीत केली. १९५६ मध्ये बुडापेस्टला पहिला प्रयोग झाला तेव्हा सहावी बॅगाटेल गाळावी लागली. इतके खुपणारे स्वर तिथल्या राजवटीच्या पचनी पडणारे नव्हते. आज ऐकताना यात घाबरण्यासारखं काय होतं असा प्रश्न पडतो, आणि नवख्यांना ही रचना देण्याचं कारणही तेच आहे.

फक्त पियानोवादक मिळत असेल तर विटोल्ड लुटोस्लाव्स्कीचं ‘एपिटाफ’, १९७९ चं. ओबोवादक जॅनेट क्रॅक्स्टनने आपल्या दिवंगत पतीच्या, अ‍ॅलन रिचर्डसनच्या, स्मरणार्थ ते लिहून घेतलं. छोटं आहे, पण त्यात आधुनिक ओबोची बरीच भाषा येऊन जाते.

आणि या पहिल्या वेळी नकोत: स्टॉकहाउझेनचं ‘क्रॉइट्सश्पील’ (१९५१), कारण ओबो, बास क्लॅरिनेट आणि पियानोसोबत तीन तालवादक लागतात. झेनाकिसचं ‘द्माथेन’ (१९७६), ओबो आणि तालवाद्यांसाठी, कारण ते तुमचे ओठ दोन पानांत संपवतं. यूट्यूबवर ऐकून भारावून जायला हरकत नाही, पण पार्ट मागवू नका.

माझा कौल ब्रिटन किंवा लिगेटीला. पुढची उदाहरणं बहुतेक तिथूनच घेतली आहेत.

२. वाद्यावर कोणत्या चाव्या आहेत ते तपासा

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे, तरी लोक तो गाळतात. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ओबोंवर अनेकदा खालचा बी फ्लॅट नसतो, डाव्या हाताची एफची चावी नसते आणि तिसरी ऑक्टेव्ह (वरच्या सप्तकात नेणारी) चावीही नसते. शेवटच्या दोन्ही नसल्या तरी माणूस रडतखडत वाजवतो. बी फ्लॅट मात्र नसेल तर नसतोच. रचनेतला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर आधी शोधा.

दुसरी गोष्ट ऑक्टेव्ह चाव्यांच्या रचनेची. वाद्य सेमी-ऑटोमॅटिक आहे की फुल ऑटोमॅटिक? नव्या संगीतातल्या बोटांच्या बऱ्याच खुणा सेमी-ऑटोमॅटिक, फ्रेंच कॉन्झर्व्हेटॉर पद्धतीचा ओबो गृहीत धरतात. फुल ऑटोमॅटिकवर दोन ऑक्टेव्ह चाव्या स्वतंत्रपणे हाताळता येत नाहीत, त्यामुळे छापलेलं बोट तंतोतंत ठेवूनही भलताच आवाज येतो. ब्रिटिश थंबप्लेटचा (अंगठ्याने दाबायच्या पट्टीचा) जुना ओबो कुणाकडून घेतला असेल तर तिथेही काही खुणा बदलाव्या लागतात.

वाद्य नवं आणि लाकडी असेल तर पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटांपुढे जाऊ नका. आफ्रिकन ब्लॅकवूड तडकतं, विशेषतः एसीच्या थंड खोलीत गरम फुंक मारली की. वाद्याचा वरचा जोड काखेत धरून आधी कोमट करा आणि मग वाजवा.

३. कागदपत्रं आणि सामान जमवा

कागद आधी:

– संपूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत. फक्त तुमचा पार्ट पुरत नाही, कारण चौथा टप्पा सगळा त्यावरच आहे.
– सगळ्यांचे विकत घेतलेले पार्ट. ब्रिटनचं क्वार्टेट आणि लिगेटीची बॅगाटेल्स विकत मिळतात. काही नव्या रचना प्रकाशक भाड्यानेच देतात. तिथे प्रयोगाची तारीख, जागा आणि आसनसंख्या कळवावी लागते. पार्ट वेळेवर यायचे असतील तर तीन-चार महिने आधी लिहा.
– जाहीर कार्यक्रम असेल तर सादरीकरणाचा परवाना. आपल्याकडे तो आयपीआरएस ही संगीताचे हक्क सांभाळणारी संस्था देते.
– हॉलचं आरक्षणपत्र आणि कार्यक्रमाची यादी, रचनाकारांच्या पूर्ण नावांसकट. परवान्यासाठी हीच यादी लागते.

इथे एक सापळा आहे. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, यूकेमध्ये आणि युरोपीय संघात ७०. पुलांक आणि हिंडेमिट हे रचनाकार दोघंही १९६३ मध्ये गेले, त्यामुळे २०२४ पासून त्यांच्या रचना भारतात मुक्त आहेत, लंडनमध्ये नाहीत. बेंजामिन ब्रिटन १९७६ मध्ये गेला, म्हणजे भारतातही २०३६ संपेपर्यंत थांबायचं. ‘इंटरनेटवर पीडीएफ सापडली’ म्हणजे मोकळीक मिळाली असं नव्हे. सर्व्हर कॅनडात असेल, तर तिथला कायदा तिथल्यापुरता.

सामान: रीडची सुरी, प्लाक (पात्यांमध्ये सरकवायची पातळ पट्टी), मँड्रेल (रीड धरायचा दांडा), दोरा, ट्यूनर, मेट्रोनोम, मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप, स्टॉपवॉच, मऊ पेन्सिल. पाण्यासाठी झाकणाची छोटी डबी. कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी डबी मिळाली तर सोनंच. आणि सिगारेट वळायचा पातळ कागद. चाव्यांखाली पाणी साचून स्वर बुडबुडायला लागला की तो कागद गादीखाली सरकवून चावी हलकेच दाबायची. पानाच्या टपरीवर मागताना ‘वाद्यासाठी हवाय’ असं सांगायच्या भानगडीत पडू नका, कुणी विश्वास ठेवत नाही.

विमानाने जाणार असाल तर सुरी हातातल्या बॅगेत ठेवायची नाही. ती सुरक्षा तपासणीत जाते आणि परत येत नाही. लाकडाबद्दलही विचारणा होऊ शकते. ब्लॅकवूड २०१७ च्या सुरुवातीपासून आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत आहे, पण तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सूट मिळाली आहे. वाद्याच्या बिलाची प्रत जवळ असली की बोलणं लवकर आटपतं.

४. आधी स्कोअर, मग पार्ट

जुन्या संगीतात तुमचा पार्ट एकटा वाजवला तरी रचनेचा चेहरा ओळखू येतो. इथे तसं होत नाही. तुमच्याकडे चार सुटे स्वर असतात आणि त्यांचा अर्थ चेलोच्या पार्टात असतो. म्हणून पहिला आठवडा ओबो पेटीत ठेवा.

स्कोअर समोर घेऊन रेकॉर्डिंग ऐका. एकच नको, दोन-तीन वेगवेगळी, नाहीतर कुणा एकाच्या सवयी तुमच्या होऊन बसतील. पहिल्यांदा ऐकताना फक्त रचनेचे सांधे शोधा. ब्रिटनचं ‘फँटसी’ एका सलग भागाचं, सुमारे पाव तासाचं आहे. सुरुवातीला चेलो एकटाच, जवळजवळ ऐकू न येणाऱ्या आवाजात, कूच केल्यासारखी तुटक पावलं टाकत येतो. मग व्हायोला, व्हायोलिन, आणि त्या सगळ्यावरून ओबोची लांब ओळ. शेवटी हेच उलट्या क्रमाने विरत जातं आणि पुन्हा चेलो एकटा उरतो. मध्ये एक मोठा संथ पट्टा आहे, त्यात फक्त तंतुवाद्यं वाजतात आणि ओबो गप्प असतो. हे आधी कळलं की दोन गोष्टी आपोआप सुचतात: पहिल्या प्रवेशाला तुम्ही मिरवायचं नाही, चाललेल्या पावलांवर अलगद बसायचं, आणि त्या गप्प बसण्यानंतर थंड झालेल्या वाद्याने सुरेल प्रवेश कसा करायचा, याची तालीम स्वतंत्र करायची.

लिगेटीच्या पहिल्या बॅगाटेलमध्ये चारच स्वर आहेत: सी, ई फ्लॅट, ई आणि जी. म्हणजे दोन्ही गंधार एकाच वेळी नांदतात. आपल्या कानाला जोग रागाची आठवण होईल. होऊ द्या, पण तसं वाजवू नका. इथे गंधारांमध्ये लाड नाहीत, ते एकमेकांना टोचण्यासाठीच ठेवलेत. तिसऱ्या बॅगाटेलमध्ये सात स्वरांची एक माळ खाली अखंड फिरत राहते आणि तिच्यावर सावकाश धून चालते. धून तुमच्याकडे आली की माळेकडे लक्ष न देता मोजायला शिका. दोन्हींचा सम साधायला गेलात तर धून लंगडते.

दुसऱ्यांदा ऐकताना पेन्सिल घ्या. तुमच्या प्रत्येक प्रवेशाच्या आधी दुसरं कुणी ठळक काय वाजवतंय ते बारीक स्वरांत स्वतःच्या पार्टात लिहा. छापील संकेत असतात, पण पुरेसे नसतात. नुसतं ‘२३ बार विश्रांती’ वाचून मोजत बसणारा वादक तालमीत बाविसाव्या बारला बरोबर चुकतो.

५. रचनेसाठी रीड करा, रीडसाठी रचना नव्हे

ओबोवाल्यांच्या गप्पा दहा मिनिटांत रीडवर येतात, तसाच हा लेखही आला. पण नव्या संगीतात हा विषय टाळणं खरंच महागात पडतं.

रीडचा वेळू अरुंडो डोनॅक्स या जातीचा, आणि चांगला माल दक्षिण फ्रान्सच्या वार भागातून येतो. त्याची दुमडलेली चपटी पाती साधारण ४७ मिलिमीटरच्या धातूच्या नळीवर दोऱ्याने बांधायची. तयार रीडची एकूण लांबी ७० ते ७३ मिलिमीटर. अमेरिकी पद्धतीची थोडी आखूड, युरोपीय थोडी लांब. सनईवाल्यांना पत्तीची जी चिंता असते तीच इथे, फक्त इथे घासकाम जास्त आणि वीस पैशांच्या जागी वीस रुपये वाया जातात. खरं तर बरेच जास्त.

मोत्सार्टसाठी आपण गोल, गोड, स्थिर आवाजाची रीड शोधतो. तीच घेऊन मल्टिफोनिक (एका बोटात अनेक स्वर) वाजवायला गेलात तर एकच स्वर ऐकू येतो, कारण ती रीड फुटायला तयारच नसते. एकाच बोटातून दोन-तीन स्वर निघण्यासाठी पाती लवचीक हवी आणि टोक मोकळेपणाने थरथरणारं हवं. उलट ब्रिटनच्या शेवटच्या पानावरचा मंद आवाज हवा असेल तर तोंड थोडं मिटलेली, हलक्या फुंकेला उत्तर देणारी रीड लागते. एकाच रीडकडून दोन्ही मागणं हा सगळ्यात नेहमीचा घोळ.

म्हणून असं करा. रचनेतली तीन ठिकाणं काढा: सगळ्यात हळू प्रवेश, सगळ्यात खालचा हळू स्वर, आणि सगळ्यात विचित्र आवाज. प्रत्येक नवी रीड या तीन ठिकाणांवर तपासा. स्केल वाजवून ‘छान आहे’ म्हणू नका. तीनांपैकी दोन जागा पास करणारी रीड बाजूला ठेवा, त्यावर तारीख टाका. अशा निदान तीन जमल्याशिवाय प्रयोगाची तारीख पक्की करू नका. तिसरी जागा अगदीच अडत असेल तर मध्ये रीड बदलता येईल असा विराम स्कोअरमध्ये शोधा. बहुतेक वेळा सापडतो.

आपल्या हवेबद्दल परदेशी पुस्तकांत काही नसतं. जुलैत कोकणपट्टीवर वेळू ओल धरतो, तोंड उघडं राहतं, रीड जड आणि बोथट वाटते. मग आपण खरवडत सुटतो. तीच रीड एसी हॉलमध्ये नेली की कोरडी पडून मिटते, आणि तोवर आपण तिच्यातला जीव काढून टाकलेला असतो. पावसाळ्यात शेवटचं खरवडणं प्रयोगाच्या हॉलमध्ये, तिथल्या हवेतच करा. भिजवण्याची वेळही कमी करा. कोरड्या थंडीत दोन-तीन मिनिटं लागत असतील, तर पावसाळ्यात पाण्यात बुडवून लगेच काढली तरी चालतं.

६. खुणा वाचा, आणि बोटांचं स्वतःचं कोष्टक करा

प्रत्येक स्कोअरच्या सुरुवातीला खुणांचं पान असतं. रचनाकार बदलला की खुणा बदलतात, त्यामुळे आधीच्या रचनेवरून अंदाज बांधू नका. नेहमी भेटणाऱ्या गोष्टी अशा.

स्वरावर बारीक गोल म्हणजे हार्मोनिक. खालच्या स्वराचं बोट धरून ऑक्टेव्ह चावीच्या मदतीने त्याच्या वरच्या सप्तकातला पंचम काढायचा: खालच्या बी फ्लॅटमधून एफ, सीमधून जी. आवाज पोकळ, दूरचा येतो. नेहमीच्या बोटाने तोच स्वर वाजवून वेळ मारून नेऊ नका, रंगासाठीच तो मागितलेला असतो.

एका स्वरावर अनेक बोटं म्हणजे सूर तोच, रंग बदलायचा. याचं टोक बघायचं असेल तर बेरिओचं ‘सेक्वेन्झा ७’ (१९६९, पुन्हा होलिगरसाठीच). सुरुवातीचा बी स्वर तिथे निरनिराळ्या बोटांनी येतो आणि रंगमंचाआडून कुणीतरी तोच बी अखंड धरून ठेवतो. आपल्याला तंबोरा ओळखीचा, त्यामुळे ही कल्पना पटकन रुचते. त्याचं पान १३ ओळी आणि प्रत्येक ओळीत १३ बार असं आखलेलं आहे, बारांची लांबी सेकंदांत. जॅकलिन लक्लेअरने याची नेहमीच्या लयीत मांडलेली पूरक आवृत्ती केली आहे; सरावाला उपयोगी. एकट्याने वाजवायची रचना असली तरी तिच्या पहिल्या दोन ओळी रोज वाजवा, चेंबरमध्ये लागणारं अर्धं तंत्र तिथे आहे.

मल्टिफोनिक म्हणजे एका बोटात अनेक स्वर. ब्रुनो बार्तोलोझ्झीच्या १९६७ च्या पुस्तकाने हे तंत्र सर्वांपुढे आणलं. पुढे पीटर व्हील आणि क्लाउस-श्टेफेन मानकोप्फ यांचं १९९४ चं ओबोतंत्रावरचं पुस्तक आलं, त्यात बोटांची भली मोठी कोष्टकं आहेत. होलिगरने संपादित केलेला ‘प्रो मुझिका नोव्हा’ हा सरावसंग्रहही मिळतो. पण छापलेलं बोट म्हणजे हमी नव्हे. तुमचं वाद्य, त्याची भोकं आणि तुमची रीड, सगळं वेगळं असतं. त्यामुळे वहीत चार रकाने आखा: छापील बोट, प्रत्यक्षात आलेले स्वर, रीड तोंडात किती आत घेतली, फुंकेचा जोर. स्वर नीट निघत नसेल तर आधी रीड थोडी आत घ्या आणि ओठ सैल करा. बोट बदलण्याकडे शेवटी वळा. रचनाकार हयात असेल तर त्याला लिहा. ‘हे बोट माझ्याकडे असं वाजतं, पर्यायी हे चालेल का’ असं विचारलं तर माझा अनुभव आहे की ते खूश होतात.

क्वार्टरटोनबद्दल एकच इशारा. हे श्रुती नव्हेत. सप्तकाचे २४ समान भाग धरलेले असतात, ते ट्यूनरवर बघून बसवा, कानाने ‘गोड’ करू नका. मींडेचंही तसंच. इसांग युनच्या ‘पिरी’मध्ये (१९७१) एक लांब स्वर धरून त्याभोवती वळणं घेतली जातात, कोरियन दुहेरी पत्तीच्या वाद्याचा तो बाज आहे, आणि आपला हात आपसूक गमकाकडे जातो. जिथे लिहिलंय तिथेच घ्या.

७. श्वास

ओबोला हवा कमी लागते, त्यामुळे गुदमरायला होतं ते हवा संपून नव्हे, शिळी हवा आत साठून. पार्टात श्वास घेण्याच्या आणि फक्त सोडण्याच्या जागा वेगवेगळ्या खुणांनी लिहा. दोन्ही एकाच विरामात उरकायला गेलात तर पुढचा प्रवेश उशिरा येतो.

अखंड श्वासाचं तंत्र सनईवाले रोज वापरतात. गालात हवा धरून ती दाबत राहायची आणि तेवढ्यात नाकाने आत घ्यायची. पेल्यात पाणी आणि स्ट्रॉ घेऊन बुडबुडे न थांबवता सुरुवात करा, मग नुसती रीड, मग वाद्यावर मधला एखादा स्वर. ब्रिटन-लिगेटीसाठी याची गरज नाही. शिकायला वेळ लागतो, म्हणून आत्तापासून रोज थोडं करून ठेवा.

८. तालमी

पहिल्या तालमीत वाजवण्याआधी सगळ्यांनी मिळून स्कोअर चाळा. कोण कुठे इशारा देणार ते ठरवून पार्टांत लिहा. ओबोवाला श्वास घेतो तो सगळ्यांना दिसतो, त्यामुळे बहुतेक इशारे तुमच्याकडे येतील. तंतुवाद्यांबरोबर बसताना पहिल्या व्हायोलिनच्या जागी बसा, घंटेचं (ओबोच्या खालच्या रुंद टोकाचं) तोंड श्रोत्यांकडे रोखलेलं नसावं.

सात मात्रांची मोजणी आपल्याला जड नाही. लिगेटीची चौथी बॅगाटेल ७/८ मध्ये आहे, रूपक अंगात असेल तर हिशोब चुकणार नाही. पण रूपकाची सम खाली असते, आणि आपण नकळत पहिली मात्रा हलकी करतो. इथे तिच्यावर वजन हवं. मात्रांचे गट स्कोअरमधून पाहून टाळीने म्हणा, तोंडी बोल घातले तरी हरकत नाही. क्लॅरिनेटवाला परदेशी असेल तर त्यालाही शिकवा.

सूर जुळवताना तानपुऱ्याचं अ‍ॅप बीवर किंवा सीवर लावा आणि प्रत्येकाने आपला लांब स्वर त्यावर धरावा. खुपणारे स्वर आधी शुद्ध बसले की मगच ते नीट खुपतात. पियानो असेल तर मात्र हा उद्योग नको, पियानो जुळवणारा तो ज्या वारंवारतेवर लावून गेलाय ती विचारून घ्या, ४४० की ४४२, आणि रीड त्यानुसार करा.

खालच्या स्वरांचा जोर ही ओबोची जन्मखोड आहे. चेलो कुजबुजतोय आणि तुम्ही खालच्या सीवर भोंगा, असं होणारच. घंटेत रुमाल कोंबून आवाज दबतो, पण सगळ्यात खालचे एक-दोन स्वर बिघडतात, म्हणून त्या ओळीत ते नाहीत ना हे बघा. नाहीतर इतरांनाच थोडं वर यायला सांगा. ‘पियानिस्सिमो’ (अगदी हळू) सापेक्ष असतं.

९. प्रयोगाच्या दिवशी

हॉलमध्ये तासभर आधी जा, एसी चालू करायला लावा आणि रीड त्या हवेत उघड्या ठेवा. ब्रिटनच्या क्वार्टेटमधल्या लांब विश्रांतीत वाद्यात अधूनमधून आवाज न करता कोमट फुंक सोडा, रीड ओठांत ओली ठेवा आणि सी, जी शार्प नि ऑक्टेव्ह चाव्यांखालचं पाणी कागदाने टिपा. पानं उलटायच्या जागा आदल्या दिवशीच चिकटवून तपासा.

कार्यक्रमात नवी रचना मध्यंतराच्या आधी ठेवा, ताज्या कानांसाठी. वाजवण्याआधी दोन मिनिटं बोला आणि एक-दोन तुकडे वाजवून दाखवा. लिगेटीचे चार स्वर नुसते ऐकवले तरी लोक सावरून बसतात. रेकॉर्डिंग ऑनलाइन टाकायचं असेल तर सादरीकरणाचा परवाना त्याला पुरत नाही. प्रकाशकाकडे वेगळी विचारणा करा, आणि ती प्रयोगाच्या आधीच, कारण उत्तर यायला आठवडे लागतात.